पोथीचें पान आणि आजचे चित्रकार

हस्तलिखितांच्या संग्राहकांत एक समज पुष्कळ दिवस रूढ आहे. तो असा कीं, आजची चित्रकला ही सर्वस्वीं पाश्चात्त्य अनुकरणांतून निघालेली असून, आपण बासनांत बांधून जपलेल्या सचित्र पोथ्यांशीं तिचा कांहींएक संबंध नाहीं. उलटपक्षीं कलासमीक्षक या चित्रकारांविषयीं लिहूं लागले म्हणजे त्यांचा पॅरिस आणि न्यूयॉर्क येथपर्यंतचा प्रवास तपशीलवार सांगतात, आणि पोथीचा विषय आलाच तर तो 'लघुचित्रांचा प्रभाव' एवढ्या दोन शब्दांत आटोपतात. दोन्ही पक्षांचें म्हणणें अपुऱ्या पाहणीवर उभें आहे. गेल्या पाऊणशें वर्षांतील कांहीं नामांकित चित्रकारांना पोथीच्या पानापासून नेमकें काय मिळालें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तसें पाहूं गेल्यास एक गोष्ट ध्यानांत येते. पान ज्या अवस्थेंत चित्रकाराच्या दृष्टीस पडलें, त्या अवस्थेनेंच त्याची स्फूर्ति कोणत्या जातीची होणार हें ठरविलें. सुटें पान पाहणाऱ्यास एक मिळालें, मजकूर वाचणाऱ्यास दुसरें, आणि दोन्ही एकत्र पाहणाऱ्यास तिसरेंच. ही गोष्ट चित्रकारांपेक्षां आपणां संग्राहकांच्या अधिक जिव्हाळ्याची आहे. कारण पानें सुटीं करणारे हात बहुधा आपल्याच वर्गाचे असतात.

सचित्र पानाच्या घडणीची थोडी उजळणी येथें केली पाहिजे. गुजराथ-राजस्थानांत कल्पसूत्राच्या व कालकाचार्यकथेच्या पोथ्या प्रथम ताडपत्रावर लिहिल्या जात. ताडपत्राचा घाट झाडानें ठरविलेला. पान आडवें, अरुंद, आणि दोरा ओवण्यासाठीं त्यास भोंक. चवदाव्या शतकापासून कागदाचा प्रसार झाला. कागदाला झाडाचें बंधन नव्हतें. तरी लेखकांनीं आडवा घाट सोडला नाहीं, आणि जेथें भोंक असावयाचें त्या जागीं तांबडें किंवा सोनेरी वर्तुळ काढण्याचा प्रघात ठेवला. दोरा गेला, भोंक गेलें, पण भोंकाची आठवण राहिली. या पोथ्यांत चित्र म्हणजे मजकुरांत ठेवलेली चौकोनी खिडकीच होय. लेखक आधीं लिहितो, चित्रकारासाठीं जागा मोकळी सोडतो, आणि तेथें काय काढावें याची सूचना कित्येकदां समासांत बारीक अक्षरांनीं टिपून ठेवतो. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं असलेली १५१६ सालची आरण्यक पर्वाची पोथी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस चित्र आणि अक्षर हीं एकमेकांस धरून कशीं चालतात हें सांगावयास नको. पुढें राजस्थानांत व पंजाबच्या डोंगरी संस्थानांत चित्रानें सगळें पान व्यापलें. मजकूर वरच्या पट्टींत गेला किंवा पानाच्या पाठीवर गेला. हें स्थलांतर दिसावयास लहान आहे. पण पुढचा सारा प्रकार त्यांतून उद्भवला, कारण पाठीवरचा मजकूर भिंतीवर टांगलेल्या पानांत दिसत नाहीं.

१९४७ च्या अखेरीस लंडनच्या रॉयल अकॅडेमींत भारत व पाकिस्तान यांच्या कलेचें मोठें प्रदर्शन भरलें. तेथून परत आलेल्या वस्तु १९४८ च्या अखेरीस दिल्लीस, आज ज्यास राष्ट्रपतिभवन म्हणतात त्या वास्तूंत, मांडण्यांत आल्या. आणि त्यांतूनच पुढच्या वर्षीं राष्ट्रीय संग्रहालयाचा पाया घातला गेला. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधील तरुण मंडळी हें प्रदर्शन पाहण्यास दिल्लीस गेली. त्यांत पंढरपुरास १९१५ सालीं जन्मलेले मकबूल फिदा हुसेन हे होते. मथुरेच्या शिल्पांतील अंगांची ठेवण आणि बसोहलीच्या पानांतील धगधगीत रंग यांनीं आपणांस वाट दाखविली, असें ते पुढें सांगत आले. त्यांच्या त्या काळच्या चित्रांत सपाट पिंवळ्या वा तांबड्या भुईवर जाड रेषेनें बांधलेल्या आकृति दिसतात, त्यांचें मूळ येथें आहे.

बसोहलीचें नांव आधुनिक चित्रकारांच्या तोंडीं वारंवार येतें. परंतु बसोहलीस ही कीर्ति ज्या पानांनीं मिळवून दिली, तीं बव्हंशीं भानुदत्ताच्या 'रसमंजरी'चीं आहेत, याचा उच्चार क्वचित् होतो. रसमंजरी हा नायिकाभेदावरील संस्कृत ग्रंथ. मिथिलेच्या भानुदत्तानें आधीं लक्षण सांगावें व लागलीच उदाहरणाचा श्लोक द्यावा, अशी त्याची रचना आहे. बसोहलीस या ग्रंथाच्या सचित्र मालिका एकाहून अधिक झाल्या. पैकीं एक राजा कृपाल पाल याच्या कारकीर्दींत देवीदास नांवाच्या चित्रकारानें १६९४-९५ या वर्षीं पुरी केली, असें तिच्या पुष्पिकेवरून समजतें. या पानांच्या पाठीवर मूळ श्लोक लिहिलेले आहेत. पुढच्या बाजूस नायिका खांबास रेलून उभी असते, सखी कांहीं सांगत असते, नायक उंबऱ्याशीं थबकलेला असतो. ती नायिका मुग्धा कीं प्रगल्भा, धीरा कीं अधीरा, हें पान उलटल्याशिवाय नक्की कळत नाहीं. सर्वांत जुन्या मालिकेंत तर आणखी एक मौज आहे. भानुदत्ताच्या पुष्कळ श्लोकांत कृष्णाचें नांवही नसतां चित्रकारानें नायकाच्या जागीं कृष्णच बसविला आहे. पुढची बाजू एक बोलते, मागची दुसरें. वाचणाऱ्यास दोहोंचा मेळ घालावा लागतो, आणि त्या मेळांतच त्या पानाची गोडी आहे.

याच जुन्या मालिकेंत दागिन्यांतील पाचूंच्या ठिकाणीं भुंगेऱ्याच्या हिरव्या पंखांचे तुकडे कातरून चिकटविलेले आहेत. पान हातांत धरून किंचित् कलतें केलें म्हणजे ते झळकतात. कांचेमागें सरळ टांगलें म्हणजे त्यांचें तेज मावळतें आणि काळपट टिकल्या तेवढ्या दिसतात. चित्रकारानें हें पान हातांत घेण्यासाठीं केलें होतें, भिंतीसाठीं नव्हे, याचा याहून बोलका पुरावा कोणता पाहिजे? आज हीं पानें भारत, इंग्लंड व अमेरिका येथील अनेक संग्रहांत विखुरलीं आहेत. एका विक्रेत्याकडे मीं याच धर्तीचें एक डोंगरी पान पाहिलें. त्याची पाठ जाड पुठ्ठ्यास खळीनें चिकटविलेली होती. पाठीवर काय आहे असें विचारतां, "पाठीला कांहीं नाहीं, नुसतें लिहिलेलें आहे," असें उत्तर मिळालें.

पान असें एका अंगानेंच दिसल्यामुळें चित्रकारांचें केवळ नुकसानच झालें, असें मात्र म्हणतां येत नाहीं. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचें उदाहरण घ्यावें. गोमंतकीय घराण्यांतले, जन्म नागपूरचा, आणि १९४८ सालीं जे. जे. स्कूलमधून पदविका घेतलेली. त्या शाळेंत जगन्नाथ अहिवासी यांच्यासारखे भारतीय पद्धति शिकविणारे गुरु होते. आणि पूर्वीं प्रिन्स ऑफ वेल्स या नांवानें ओळखलें जाणारें, आतांचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय त्या शाळेपासून फार लांब नाहीं. तेथें डॉ. मोतीचंद्र यांच्यासारखा जाणकार पश्चिम भारतांतील जैन चित्रांवर ग्रंथ सिद्ध करीत होता. तो १९४९ सालीं निघाला. गायतोंडे यांच्या पहिल्या चित्रांत जैन व बसोहली पानांची छाया स्पष्ट आहे. पुढें त्यांनीं सांगितलें तें असें कीं, त्या लघुचित्रांच्या रंगांनीं आपण ओढले गेलों. रंगांचा नीट अभ्यास व्हावा म्हणून त्यांतील आकृति मनानें वगळूं लागलों, आणि उरलें तें रंगांचें परस्परांशीं प्रमाण. पुढें पाउल क्ले या चित्रकाराचा व झेन विचाराचा संस्कार त्यावर झाला हें खरें. तरी त्यांच्या उत्तरकालीन निराकार चित्रांचें बीज त्या वगळण्यांत आहे. नायिका गेली, सखी गेली, खांब गेला, आणि पिंवळ्याशेजारीं तांबडा किती असावा एवढाच प्रश्न राहिला. पाठीवरचा श्लोक ज्यानें वाचला, त्यास ती नायिका इतक्या सहजपणें पुसतां आली असती असें वाटत नाहीं. तेव्हां सुट्या पानानें गायतोंडे आपणांस दिले, हा हिशेबही खुल्या मनानें मांडला पाहिजे.

सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. जन्म मंडला जिल्ह्यांतील बाबरिया या गांवचा. शिक्षण नागपूरच्या चित्रशाळेंत व मग मुंबईस. १९५० सालीं ते पॅरिसला गेले आणि जवळजवळ साठ वर्षें फ्रान्समध्यें राहिले. पूर्वार्धांत त्यांनीं फ्रान्सचीं गांवें व रानें रंगविलीं. उत्तरार्धांत मात्र 'राजस्थान', 'सौराष्ट्र' अशा नांवांचीं चित्रें आलीं, आणि त्यांत फलकाचे चौकोनी खण पाडून भोंवतीं रंगीत पट्टे फिरविण्याची रीत आली. राजस्थानी व जैन पानांचे हाशिये ज्याच्या डोळ्यांखालून गेले आहेत, त्यास ते पट्टे ओळखूं येतात. शिवाय रझा यांनीं कित्येक चित्रांत देवनागरी अक्षरांत काव्याची ओळ किंवा शब्द लिहून ठेविले. चित्रांत अक्षराला पुन्हा जागा देणें ही साधी गोष्ट नव्हे. विद्यार्थिदशेंत पॅरिसच्या ज्या शाळेंत ते शिकले, तेथें तिला थारा नव्हता. दूर देशीं राहणाऱ्यास आपली लिपी हीच एक चित्रवस्तु होते, असें या चित्रांवरून दिसतें.

त्यांच्या सुप्रसिद्ध काळ्या बिंदूविषयीं येथें दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. आपल्यापैकीं एखाद्यास कागदी कल्पसूत्रांतील त्या तांबड्या वर्तुळाची आठवण होईल, आणि रझांचा बिंदु म्हणजे पोथीच्या भोंकाचाच वंशज, असा सिद्धांत ठोकून देण्याचा मोह पडेल. मोह मोठा आहे, पण त्यास आधार नाहीं. रझा यांनीं स्वतः सांगितलेली हकीकत निराळी आहे: मन चंचल असलेल्या त्या मुलास ककैया गांवच्या शाळेंतील नंदलाल झारिया या गुरुजींनीं भिंतीवर एक ठिपका काढून दिला व त्याकडे पाहत बसण्यास सांगितलें. संशोधकानें साम्य दिसतांच वंशावळ जोडूं नये, ही शिस्त आपण शिलालेखांच्या बाबतींत पाळतों. चित्रांच्या बाबतींतही ती पाळावी. खेड्यांतल्या मास्तराचा ठिपका पुढें जगभर गेला, हें एरव्हींही थोडें नाहीं.

आतां अगदीं उलट प्रकार पाहूं. अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांना पोथीच्या चित्रानें नव्हे तर मजकुरानें स्फूर्ति दिली. १९७० नंतरच्या दशकांत त्यांनीं 'मेटास्केप' या नांवाची चित्रमालिका केली. त्यांत डोंगर, पाणी, भूमि यांचे मोठाले रंगखंड असतात, आणि पुष्कळदां एकाच आकाशांत सूर्य व चंद्र अशीं दोन बिंबें असतात. हीं दोन बिंबें 'अभिज्ञानशाकुंतला'च्या नांदीवरून सुचलीं, असें पदमसी यांनीं सांगितलेलें आहे. त्या श्लोकांत कालिदास शिवाच्या आठ प्रत्यक्ष मूर्ति सांगतो, पण एकीचेंही रूढ नांव घेत नाहीं. पाणी म्हणजे विधात्याची पहिली निर्मिति, पृथ्वी म्हणजे सर्व बीजांचें मूळ, आणि सूर्य-चंद्र म्हणजे काळ घडविणाऱ्या दोघी, अशी त्याची वाट आहे. 'दोघी' म्हणण्याचें कारण, मूळांत मूर्तिवाचक 'तनु' शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळें सर्वनामही स्त्रीलिंगी आहे.

ज्यांनीं हा श्लोक शिकविला आहे त्यांस ठाऊक असेल कीं, त्याची सारी खुबी सर्वनामांत आहे. प्रत्येक मूर्ति 'जी अमुक करते ती' अशा संबंधी सर्वनामानें येते. सहा मूर्तींना एकवचन आहे. फक्त सूर्य आणि चंद्र या जोडीला द्विवचन आहे. मराठींत द्विवचन उरलें नाहीं, म्हणून आपणांस 'दोन' हा शब्द वेगळा घालावा लागतो. संस्कृतांत सर्वनाम व क्रियापद यांच्या रूपांतच तीं दोन एकत्र बांधलीं जातात, वेगळीं काढतां येत नाहींत. राघवभट्टासारखा टीकाकार येथें येऊन आठही नांवें फोडून सांगतो, कारण तें टीकाकाराचें कर्तव्यच आहे. पदमसी यांनीं टीकाकाराचा मार्ग सोडून कवीचा धरला. त्यांच्या चित्रांतील दोन बिंबांपैकीं सूर्य कोणता व चंद्र कोणता, हें पुष्कळदां सांगतां येत नाहीं, आणि सांगण्याची आवश्यकताही भासत नाहीं. दिवस आणि रात्र एकाच वेळीं आकाशांत असणें निसर्गांत क्वचित्, व्याकरणांत मात्र शक्य आहे. द्विवचनाचें चित्र कोणी काढलें असेल तर तें या गृहस्थांनीं. खोजा घराण्यांत जन्मलेल्या मुंबईकर चित्रकारानें संस्कृत शिकून कालिदासाची नांदी इतकी बारकाईनें वाचावी, आणि आमच्यांतील पदवीधरांनीं ती केवळ परीक्षेपुरती घोकावी, हा भाग निराळा.

नागांव येथें जन्मलेले प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचा उल्लेख करून पुढें जातों. वीव्हर्स सर्व्हिस सेंटरच्या नोकरीनिमित्त ते बनारसला असतां तंत्रमार्गांतील यंत्रांच्या आकृति त्यांच्या पाहण्यांत आल्या व कांहीं वर्षें त्यांच्या चित्रांत राहिल्या. पुढें त्यांनीं तो मार्ग सोडला. त्यांनीं स्वतःच्या चित्रविचारावर 'कोरा कॅनव्हास' हें पुस्तक मराठींतच लिहिलें. जिज्ञासूंनीं तें अवश्य पाहावें.

चित्र व मजकूर यांची मोडलेली जोडी पुन्हा जुळविण्याचा प्रयत्न करणाऱ्यांत बडोद्याचे गुलाममोहम्मद शेख यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें. १९३७ सालीं सुरेंद्रनगरला जन्मलेले हे गृहस्थ चित्रकार आहेत, कलेतिहासाचे अध्यापक होते, आणि गुजराथी कवीही आहेत. 'अथवा' हा त्यांचा संग्रह १९७४ सालचा. १९६३ ते १९६६ या काळांत ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्यें होते, आणि व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालय तेथून हांकेच्या अंतरावर आहे. आपल्या देशाचीं लघुचित्रें त्यांनीं मन लावून पाहिलीं तीं तेथें.

त्या संग्रहालयांतील दोन वस्तूंचा इतिहास आपल्या विषयास धरून आहे. एक 'हमजानामा'. अकबराच्या कारखान्यांत या ग्रंथाचीं सुमारें १४०० मोठीं चित्रें कापडावर झालीं. मजकूर मागच्या बाजूस होता. आज त्यांतील दोनशेंच्या आसपास शिल्लक आहेत. या संग्रहालयाचीं कांहीं पानें १८८१ सालीं श्रीनगरांत सांपडलीं, तेव्हां तीं वारा अडविण्यासाठीं खिडक्यांना लावलेलीं होतीं! दुसरी वस्तु 'अकबरनामा', ११६ चित्रांसह १८९६ सालीं खरेदी केलेला. तो प्रदर्शनाच्या सोयीसाठीं बांधणींतून सोडवून सुटा करण्यांत आला. काश्मिरांत खिडकीला लावलेलें पान आणि लंडनांत चौकटींत बसविलेलें पान यांत मानाचा फरक आहे; पण वाचन दोहोंनाही मुकलेलेंच.

शेख यांनीं या पानांपासून घेतली ती सांगण्याची रीत. एकाच चित्रांत अनेक स्थळें, अनेक वेळा, अनेक माणसें. प्रेक्षकाची नजर एका बिंदूशीं न खिळतां रस्त्यावरून हिंडावी तशी हिंडते. त्यांच्या १९८१ ते १९८४ या काळांतील 'सिटी फॉर सेल' या प्रचंड चित्रांत शहरांतील दंगल, चित्रपटगृहांत चाललेला खेळ, भाजीची गाडी घेऊन उभी असलेली बाई हीं सर्व एकत्र नांदतात. हें चित्र आज त्याच व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीचें आहे. पुढें राजस्थानांतील कावड, म्हणजे कथेकरी एकेक झडप उघडीत ज्यावरील चित्रांची कथा सांगतो तें लांकडी फिरतें देवालय, त्यांनीं आपल्या कामास घेतलें. २००८ मधील त्यांच्या कावडींत प्रेक्षकच झडपांमधून हिंडतो. एबस्टोर्फ येथील तेराव्या शतकांतल्या जगाच्या नकाशाचें एक चित्रपत्र त्यांच्या हातीं आलें, त्यावरून त्यांनीं 'मापामुंडी' ही मालिका केली, आणि त्या गोल जगांत कबीर, मजनू, सुवर्णमृगामागें जाणारा राम अशीं माणसें वसविलीं. तो मूळ नकाशा तीस बकऱ्यांचीं कातडीं जोडून केलेला होता, आणि १९४३ सालीं हानोव्हर शहरावरील बाँबवर्षावांत तो जळाला. आधीं त्याच्या प्रतिकृति काढून ठेवल्या होत्या म्हणून तो शेखांपर्यंत पोंचला. प्रतिकृति काढूं देण्यास कांकूं करणाऱ्या पोथीमालकांनीं एवढी एक हकीकत लक्षांत ठेवावी.

श्रीमती नीलिमा शेख (जन्म १९४५) यांनीं पोथीचा आकारच पत्करला. दिल्लीस इतिहासाचा अभ्यास करून त्या बडोद्यास चित्रकला शिकल्या, आणि नाथद्वाऱ्याच्या पिछवाईकारांकडील रंग घोटण्याची, खळ घालण्याची पारंपरिक रीत त्यांनीं जातीनें पाहिली. १९८४ च्या सुमाराची 'व्हेन चंपा ग्रू अप' ही त्यांची बारा लहान चित्रांची मालिका आहे. चंपा ही त्यांच्या ओळखींतील मुलगी. झोके घेणारी, सायकलीवर बसणारी, मग लग्न होऊन सासरीं गेलेली, आणि तेथें जाळून मारलेली. एवढी दारुण कथा मोठ्या फलकावर रंगवून भिंतीवरून ओरडून सांगतां आली असती. बाईंनीं ती लहान कागदांवर, पाण्यांत कालविलेल्या रंगांनीं, पान उलटीत जावें अशी मांडली. वाचणाऱ्यानें कागदावर वांकावें लागतें, आणि वांकल्यावर तें दिसतें. नायिकेच्या अवस्था पानापानांनीं सांगण्याची रीत आपल्याकडे जुनीच. पण रसमंजरीच्या कोणत्याही भेदांत ही नायिका बसत नाहीं.

आपल्या प्रांतांतही एक पोथी अशी आहे कीं जिचा मजकूर कधीं लिहिलाच गेला नाहीं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतांतील आख्यानांच्या चित्रांची जी चळत बाळगतात, तिला ते 'पोथी'च म्हणतात. एकेक चित्र उभें धरावयाचें आणि कथा तोंडानें गावयाची. पैठणचीं म्हणून ओळखलीं जाणारीं अशींच चित्रें पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत आहेत. तेथें तीं सुरक्षित आहेत, हें चांगलेंच. परंतु त्यांचा मजकूर त्यांच्याबरोबर आला नाहीं, येऊंही शकत नव्हता. पिंगुळीस मात्र चित्र आणि गाणें अजून एका घरांत राहतें. तेथील परशुराम गंगावणे यांस या कार्याबद्दल २०२१ सालीं पद्मश्री मिळाली, आणि तेथें नवीं चित्रेंही काढलीं जातात.

लाहोरची हकीकत संक्षेपानें सांगतों. फाळणीनंतर १९४८ सालीं लाहोर संग्रहालयाच्या वस्तूंची साठ-चाळीस अशी वांटणी झाली. डोंगरी चित्रांचीं पानेंही तशींच वांटलीं गेलीं, आणि भारताच्या वांट्याचीं आज चंदीगडास आहेत. लाहोरच्या संग्रहालयाशेजारींच कलाशाळा आहे. पतियाळा दरबाराच्या चित्रकारांच्या घराण्यांतील हाजी मुहम्मद शरीफ यांनीं तेथें जुनी कलम शिकविली; आणि वसली घोटणें, खारीच्या केसांचा कुंचला बांधणें हा क्रम तेथें आजच्या विद्यार्थ्यांसही शिकविला जातो. त्या शाळेच्या विद्यार्थिनी शाहझिया सिकंदर (जन्म १९६९) यांनीं १९८९-९० मध्यें 'द स्क्रोल' हें सुमारें पांच फूट लांबीचें चित्र केलें. त्यांत पांढऱ्या वस्त्रांतील एकच तरुणी घराच्या दालनांदालनांतून पुन्हा पुन्हा दिसते. एका चौकटींत एकच व्यक्ति अनेकदां दाखविण्याची ही युक्ति आपल्या जुन्या पोथ्यांतून सर्वांच्या परिचयाची आहे.

पोथी आणि आधुनिक चित्र यांची एकदां प्रत्यक्ष अदलाबदलच झाली. इराणचा शहा तहमास्प याच्यासाठीं सोळाव्या शतकांत तयार झालेल्या शाहनाम्यांत २५८ चित्रें होतीं. १९५९ सालीं तो आर्थर हौटन या अमेरिकन संग्राहकानें घेतला, आणि पोथ्यांचा जाणकार म्हणविणाऱ्या याच गृहस्थानें तो फोडला. ७८ चित्रें न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयास गेलीं; १९७६ पासून पानें लिलांवांत एकेक, दोन-दोन विकलीं जाऊं लागलीं. विकावयाचीं तीं अर्थातच सचित्र. नुसत्या अक्षरांच्या पानांस गिऱ्हाईक कोठून मिळणार? १९९० सालीं हौटन वारले. पुढें २८ जुलै १९९४ रोजीं व्हिएन्नाच्या विमानतळावर उरलेली पोथी इराणच्या स्वाधीन करण्यांत आली. मोबदला म्हणून तेहरानच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांतील विलेम डी कूनिंग या अमेरिकन चित्रकाराचें 'वुमन थ्री' हें १९५२-५३ मधील एक स्त्रीचित्र देण्यांत आलें. तें चित्र पुढें २००६ सालीं तेरा कोटी डॉलरांहून अधिक किंमतीस विकलें गेल्याचें प्रसिद्ध झालें. तेहरानास आलीं तीं ११८ चित्रें, रिकामी झालेली बांधणी, आणि इतकीं वर्षें कोणी मागितलीं नव्हतीं तीं मजकुराचीं पानें.